सुरजचा पुडा

आमच्या घरात सुकेळ्यांची एक रीत आहे. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात वाळवायची, तांबूस आणि चिवट झाली की केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून सोपटाच्या, म्हणजे केळीच्या खोडाच्या वाळक्या सालीच्या, दोरीने बांधायची, आणि प्रत्येकाच्या नावाचा एकेक पुडा स्वयंपाकघरातल्या आकड्याला टांगायचा. ज्याचा पुडा त्यानेच सोडायचा. माणूस बाहेरगावी असेल तर तो येईपर्यंत पुडा तिथेच लटकतो, मुंग्यांशिवाय कुणी हात लावत नाही.

माझा मुलगा सुरज दुबईला नोकरीला लागला, त्याला चार वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तो एकदाही वसईजवळच्या आमच्या होळी गावात आला नव्हता. दरवर्षी मी त्याचा पुडा टांगायची आणि दरवर्षी पावसात बुरशी धरली की खाली काढायची.

२००८ सालच्या जानेवारीत त्याचा फोन आला. "आई, सुट्टी घेतलीय. आठवडाभर बोटीवर फिरू, मग गाडीने वाळवंटात. तिकिटं पाठवतो, तुम्हीच या."

आमचे हे तर आनंदाने नाचायचेच बाकी राहिले. मी मात्र फोन ठेवला आणि कामाला लागले. म्हणजे सुट्टी होती, पण इकडे यायला नव्हती. मला चांगलाच राग आला. रागातच ठरवलं, यंदा त्याचा पुडा टांगायचाच नाही. सोबत न्यायचा, हातात द्यायचा आणि तोंडावर विचारायचं, बाबा रे, घरी येणार आहेस की नाही.

पण त्या वर्षी दव फार पडलं, ऊन कोवळंच राहिलं. निघायच्या दिवशी केळी अर्धीच वाळलेली.

"टाक ती वाडीत," हे म्हणाले. "तिकडं काय केळी मिळत नाय? आनि विमानात कोन नेतं असलं चिकट लोढणं?"

"केळी मिळतात. राजेळी मिळतात का?" मी म्हटलं. केळी फडक्यात गुंडाळली, सुकी पानं आणि सोपट वर ठेवलं आणि सगळं बॅगेत कोंबलं.

खोटं कशाला बोलू, बोट मला आवडली. पाच मजली इमारत पाण्यावर चालावी तशी ती चालायची आणि पोटातलं पाणी हलायचं नाही. स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, बसल्या जागी चहा. सून रीमा मला हाताला धरून सगळीकडे हिंडवायची. हे सुरजची अर्धी चड्डी घालून आइस्क्रीमच्या मशीनपाशीच मुक्कामाला असायचे. तरी सकाळी डोळा उघडला की आधी वाडीतल्या पाटाचं पाणी आठवायचं. शेजारच्या पास्कलला सांगून आले होते, पण तो वेळेवर सोडत असेल का? समोर एवढा समुद्र आणि माझा जीव दोन वाफ्यांत अडकलेला.

खोलीच्या गॅलरीत मी रोज केळी पसरायची. खोली झाडायला येणारा मुलगा रोज टॉवेलचा हत्ती करून ठेवायचा. एक दिवस त्याने हत्तीच्या सोंडेत माझं एक केळं अडकवलं. मी त्याला रागवायला गेले आणि हसूच आलं. पण दमट वारं केळ्यांना वाळू देईना. उलट ती मऊ पडायला लागली.

विचारायचं ते काही मी विचारलं नाही. रोज जेवताना ठरवायची, आणि रोज सुरज म्हणायचा, "आई, हे खाऊन बघ," आणि राहून जायचं. तो इतका खूश होता की मला विचारायची भीती वाटायची. नाही म्हणाला तर मग काय करायचं?

बोटीवरून उतरलो आणि दुसऱ्या दिवशी वाळवंटात निघालो. दोन्हीकडे नुसती वाळू आणि वर असं कडकडीत, कोरडं ऊन की माझे हात शिवशिवायला लागले. असलं ऊन आमच्या मांडवाला जन्मात मिळालं नव्हतं. दुपारी थांबलो तेव्हा हे आणि रीमा वाळूचा डोंगर चढायला गेले, सुरज फोनवर बोलत लांब गेला. मी पटकन गाडीच्या बॉनेटवर फडकं पसरलं आणि केळी मांडली.

ऊन बघितलं, वारा बघितला नाही. एक झोत आला आणि सगळ्या केळ्यांना वाळूचा रवा लागला.

सुरज धावत आला. मला वाटलं, आता नव्या गाडीच्या रंगावरून बोलणी बसणार. तो केळ्यांकडे बघतच राहिला.

"हा कुणाचा पुडा, आई?"

"तुझा."

"मग इथे कसा?" तो हळू आवाजात म्हणाला. "माझा घरी टांगणं बंद केलंस?"

मी विचारायला आले होते आणि विचारलं त्याने. मग मीही बोलून टाकलं. "तू येत नाहीस, तर टांगू कशाला? बुरशी काढायला?"

तो बॉनेटवर वाकला. एकेक केळं उचलून ओल्या रुमालाने पुसायला लागला. पुसून झालं की दोन बोटांत दाबून बघायचा, अगदी माझ्या सासूबाई बघायच्या तसं. मग त्याने सगळी केळी गाडीच्या आत, पुढच्या काचेखाली मांडली.

"अजून दोन उन्हं लागतील," तो म्हणाला.

दोन दिवस आम्ही एसी बंद ठेवून वाळवंटात फिरलो. गाडीभर वाडीचा वास भरला होता. हे घाम पुसत म्हणाले, "पोराने आमाला फिरायला आनलंय का वाळत घालायला?" रीमाने एक केळं उचललं, तर सुरजने तिचा हात धरला. "अजून नाही."

परत दुबईला त्याच्या घरी पोचल्यावर त्याने पानं पसरली, सुकेळी रचली, सोपटाने घट्ट बांधली आणि पुडा माझ्याच हातात दिला. मला क्षणभर फार वाईट वाटलं. एवढं आणलं, ते परत?

"घरी ने," तो म्हणाला. "आकड्याला टांग. पावसाच्या आधी येतो."

"नेलं तेच परत आनलंस," विमानतळावर बॅग उचलताना हे म्हणाले. मी त्यांना बोलू दिलं.

त्या वर्षी पाऊस लागला तेव्हा आकडा रिकामा होता. पुडा सुरजने आपल्या हाताने सोडला होता, आणि यांच्या वाट्याला एकच सुकेळं आलं म्हणून हे अजून कुरकुरतात.