सहावं प्रकरण

बाबांच्या अग्निसंस्काराला वाटायचं पुस्तक बंदर कंपनीने छापून आणलं, तेव्हा त्यात पाचच प्रकरणं होती. आमच्याकडे अग्निसंस्काराला आलेल्यांना गेलेल्याच्या नावाने पुस्तक वाटतात; बाबांचं म्हणजे त्यांनी स्वतःच लिहिलेलं.

विहाराच्या मंडपात अभिधम्माचं पठण नुकतंच संपलं होतं. भंते उठून गेले होते आणि बायका भाताची पेज वाढत होत्या. बाबांच्या शवपेटीभोवती पंखे उभे होते. फुलांची चक्रं चार दिवसांत कचऱ्यात जातात, पंखे विहाराला राहतात, म्हणून हल्ली लोक काळी फीत बांधून पंखेच पाठवतात. बाबांना ते आवडलं असतं, आणि लगेच कागद ओढून त्यांनी पंख्याच्या लोखंडाचा हिशोबही मांडला असता. फुलांचं चक्र एकच होतं, माणसापेक्षा उंच. ते कंपनीचं.

कंपनीचे जनसंपर्क अधिकारी थावोन माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले, हात जोडले आणि पुस्तक पुढे केलं. कागद गुळगुळीत होता. मुखपृष्ठावर बाबा खाडीच्या चिखलात उभे राहून हसत होते.

"आचानांना कोण विसरेल?" ते म्हणाले. गावात सगळे बाबांना आचानच म्हणत, म्हणजे सर. "छपाई आमच्याकडून. तुम्ही फक्त वाटायचं."

मी पुस्तक मागच्या बाजूने उघडलं.

बाबा विद्यापीठात निसर्गाचं अर्थशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावर ते जन्मगावी, सामे खाडीवर परत आले आणि एकच काम धरून बसले. इथली माणसं वर्षभरात जे खातात, जाळतात, नेसतात, फेकतात, ते पुरवायला किती जमीन आणि किती पाणी लागतं, आणि ही खाडी देते किती, ते मोजायचं. या मापाला त्यांच्या शास्त्रात पाऊलठसा म्हणतात. पाय ही आमच्याकडे चारचौघांत नाव काढायची गोष्ट नाही, त्यामुळे पहिल्याच सभेत बाबांनी पाऊल पाऊल सुरू केल्यावर म्हाताऱ्या खाली बघून हसायला लागल्या. धक्क्यावर खेकडे विकणाऱ्या लमुन मावशी तर पुढे रोज विचारायच्या, "आचान, आज कुणाचा पाय मोजायचा? माझा अजून धुवायचाय."

मोजून निघालं ते असं: गाव जेवढं घेतं त्याच्या जवळजवळ दुप्पट खाडी देते. ते पाचवं प्रकरण. पुस्तक तिथेच, तक्त्यावर, संपलं होतं. सुरुवातीला कंपनीच्या संचालकांची प्रस्तावना होती. आचान प्रयून यांनी दाखवून दिलं आहे की सामे खाडीची निम्मी क्षमता आजही वापराविना पडून आहे, नियोजित बंदर त्या निम्म्यात सहज बसतं, असं त्यात लिहिलं होतं.

सहावं प्रकरण त्या निम्म्याबद्दल होतं. ते मी टाइप केलं होतं. इस्पितळात बाबांच्या दोन्ही हातांना सुया होत्या. ते सांगायचे आणि मी लिहून घ्यायचे.

"यात सहावं प्रकरण नाही," मी म्हटलं.

"पानं फार होत होती हो. शिवाय आमच्या तज्ज्ञांना ते जरा अपुरं वाटलं."

"पुरं आहे ते. ते संपवूनच बाबा गेले."

थावोननी मान लववली. "पुढच्या आठवड्यात जनसुनावणी आहे. तिथेही हेच ठेवणार आहोत. आचानांचं नाव सगळ्यांपर्यंत पोचेल."

ते पोचणार होतं, हे मला समजत होतं. बाबांच्या नावाने खाडी बुजणार होती, आणि बाबा तर बोलायला नव्हते.

ते गेल्यावर मी सुनी आत्याला गाठलं. ती बाबांची धाकटी बहीण. भांड्यांपाशी पेजेचं पातेलं खरवडत होती.

"आत्या, हे पुस्तक वाटायचं नाही."

"का? फोटो चांगला आलाय."

"शेवटचं प्रकरण गाळलंय त्यांनी."

"मग? अंत्यसंस्काराचं पुस्तक कुणी वाचतं का, पोरी? माणसं फोटो बघतात, कुठे शिकला ते बघतात आणि कपाटात ठेवतात." तिने झारा आपटला. "शेवटच्या संध्याकाळच्या पठणाचे यजमान कंपनीवाले आहेत. त्यांचा संचालक स्वतः येऊन पहिला अग्नी देणार आहे. आपल्या घरातल्या चितेला एवढा मोठा माणूस कधी आला होता? पुण्य करायला आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत."

"पुण्य त्यांनी करावं. बाबांच्या तोंडात शब्द घालू नयेत."

"तुझं आपलं काहीतरी. बापावर गेलीस. चरित्र तू वाचणार आहेस ना? ते नीट वाच म्हणजे झालं. रडू नकोस, आवाज जातो."

रडण्याचा माझा विचार नव्हता. मी घरी जाऊन सहावं प्रकरण छापून काढलं.

अग्निसंस्काराच्या दुपारी ऊन कडक होतं. पेटी दाहगृहाभोवती तीन वेळा फिरवून पायऱ्यांवर ठेवली. पुढच्या सोफ्यांवर संचालक, जिल्ह्याचे अधिकारी आणि बाबांच्या विद्यापीठाची माणसं बसली होती. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गाव. कडेच्या मेजावर चंदनाच्या सालपटांची फुलं आणि त्यांच्याशेजारी पुस्तकांची खोकी. ध्वनिक्षेपक गावप्रमुखाच्या हातात होता. त्याने माझं नाव पुकारलं आणि सांगितलं, आता कन्या आचानांचं जीवनचरित्र वाचेल.

मी म्हटलं, "माझे वडील याच खाडीवर जन्मले आणि काल-परवापर्यंत तिचा हिशोब मांडत होते. त्यांचं चरित्र एवढंच. आता त्यांनी शेवटी काय लिहिलं ते वाचते."

आणि मी सहावं प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

ते काही भाषणासारखं नाही. त्यात सूत्रं आहेत, तळटीपा आहेत, मोजण्यात कुठे चूक असू शकते त्याची कबुली आहे. मी काही गाळलं नाही. बांगड्याची पिल्लं इथल्या खारफुटीच्या मुळांमध्ये वाढतात, मोठी झाली की आखातात जातात आणि शेवटी राजधानीच्या ताटात पडतात, म्हणजे खाडीने दिलेलं दुसऱ्याच गावाच्या नावावर मांडलं जातं, हे वाचलं. कारखान्यांचा धूर इथली झाडं आणि इथला चिखल किती गिळतात, ते वाचलं. सगळ्या देशाचा हिशोब मांडला तर तूट येते आणि ती तूट सामेसारख्या खाड्या भरून काढतात, ते तक्त्यासकट वाचलं.

भंतेंपैकी एकाने डोळे मिटून घेतले. संचालकांनी घड्याळ पाहिलं. गावप्रमुख माझ्या कानाशी आला.

"बाई, जरा आवरतं घ्या. साहेब उन्हात बसलेत."

"गावही बसलंय," मी म्हटलं. ते ध्वनिक्षेपकातून सगळ्यांना ऐकू गेलं. मागून कुणीतरी ओरडलं, "चालू दे!"

मी पान उलटलं. तिथे बाबांनी उदाहरण दिलं होतं.

"एका घरात चार भावंडं आहेत. तिघं पोटभर जेवतात. धाकटी बहीण माशाचं डोकं चोखून उठते आणि तिच्या वाटणीचा तुकडा शाळेत जाणाऱ्या भावाच्या ताटात सरकवते. एक पाहुणा येतो, तिच्या पुढ्यात काय गेलं ते बघतो आणि म्हणतो, ही इतकं कमी खाते, म्हणजे या घरात अन्न उरत असणार. पाहुण्याचा हिशोब चुकला. उरलेलं काही नाही. ते भावाच्या पोटात आहे."

"अगं बाई! हे मेल्याने माझ्यावरून लिहिलंय!" सुनी आत्या मोठ्याने म्हणाली, आणि मग पेटीकडे पाहून तिने तोंडावर हात ठेवला.

"म्हण की बिनधास्त," लमुन मावशी म्हणाल्या, "आता कुठे खोटं आहे?"

मागच्या सगळ्या खुर्च्या हसल्या. आत्याही हसली आणि तशीच रडायला लागली. मी थांबले नाही. थांबले असते तर पुढे वाचता आलं नसतं.

प्रकरण संपल्यावर गावप्रमुखाने घाईघाईने चीवरदानाचा विधी उरकून घेतला आणि पहिल्या अग्नीसाठी संचालकांना विनंती केली. संचालक उठले. त्यांच्याआधी आत्या पायऱ्यांपाशी पोचली होती. तिने वाकून त्यांना नमस्कार केला.

"साहेब, लांबून आलात, तुम्हाला पुण्य लागो. चंदनाचं फूल वाहा. अग्नी मात्र मी देते. त्याच्या पोटात माझे मासे आहेत."

संचालक बाजूला झाले. सभ्य माणूस होता. फूल वाहून तो गाडीकडे गेला.

खोक्यातली पुस्तकं फारशी कुणी उचलली नव्हती. थावोन ती पुन्हा गाडीत भरायला लागले, तेव्हा मी त्यांच्यापाशी गेले.

"छान वाचलंत," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "पण ताई, सुनावणीत असं चालत नाही. तिथे प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. मग ध्वनिक्षेपक बंद. पुस्तक मात्र प्रत्येक अधिकाऱ्याच्या टेबलावर असेल."

"तीन मिनिटांत हे होणार नाही," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी."

"मग माझी तीन मिनिटं संपली की पुढचा माणूस तिथून पुढे वाचेल. बोलायला नाव तर कुणालाही देता येतं ना?"

खोकं गाडीत सरकवून त्यांनी दार लावलं.

दाहगृहाच्या धुराड्यातून पहिला धूर निघाला तेव्हा आम्ही बोधिवृक्षाच्या पारावर बसलो होतो. कागदांना लावलेली पिन मी काढली आणि पानं वाटायला घेतली. आत्याने तिचं पान आधीच ओढून घेतलं होतं आणि ओठ हलवत ती ते वाचत होती. विद्यापीठातले एक म्हातारे प्राध्यापक सूत्रांची पानं मागत होते. कुणी चष्मा विसरलं होतं, कुणाला मोठा टाइप हवा होता. लमुन मावशींच्या वाट्याला शेवटचं पान आलं. त्यावर नुसती संदर्भसूची होती.

"यात तर सगळी परदेशी नावंच आहेत," त्या म्हणाल्या. "हे पण वाचायचं?"

"बाबांनी लिहिलंय म्हणजे वाचायचं."

त्या उठून उभ्या राहिल्या, कागद हातभर लांब धरला आणि धक्क्यावर खेकड्यांचा भाव पुकारतात त्या आवाजात एकेक नाव म्हणायला लागल्या. एकही बरोबर नव्हतं. सोफ्यांवरची माणसं मागे वळून बघत होती. मी एकही दुरुस्त केलं नाही.