नसलेल्या पुलाचे उद्घाटन

धामणवाडी आणि उमरीची सडक यांच्यामध्ये एक ओढा आहे. त्यावर पूल व्हावा म्हणून रेणुकादास गुरुजी सतरा वर्षे अर्ज लिहीत आले होते. हयात संस्कृत शिकविण्यात गेलेली; अर्जातही एखादे विशेषण अस्थानी पडत नसे. उत्तर मात्र कधी आले नाही. गेल्या श्रावणात गावातल्या बजरंगच्या अडलेल्या सुनेला बाजेवर घालून चौघांनी छातीभर पाण्यातून पलीकडे नेले. बाळंतीण वाचली, मूल गेले. तेव्हापासून गुरुजींना अर्ज लिहिताना मध्येच थांबावे लागे.

म्हणूनच लातूरचा मुकुल चित्रपट काढायला गावात आला, तेव्हा गुरुजींनी त्याला आडकाठी केली नाही. कथा विनोदी होती. सरकार नसलेल्या पुलाचे उद्घाटन करते. साहेब बूट हातात धरून ओढ्यातून येतो, टेप काढून पाणी मोजतो, हवेत फीत कापतो, आणि सारे गाव त्याची टर उडवते. प्रहसन हा गुरुजींचा जुना आवडीचा प्रकार. विनंतीने जे हलले नाही ते कदाचित हास्याने हलेल, असे त्यांच्या थकल्या मनाला वाटले.

अडचण निराळीच निघाली. साहेबाचा वेष केलेला नट ओढ्यातून वर आला की गावकऱ्यांचे हात आपोआप जोडले जात. दोन दिवस हेच चालले.

"अहो शेषेराव, हा नट आहे! काल तुमच्याच घरी पिठलं खाल्लं ना यानं?" मुकुल काकुळतीला आला.

"ठाव हाय की," शेषेराव ओशाळून म्हणाले. "पर शर्ट खोचलेला मानूस दिसला की हात ऐकतच न्हाईत, काय करावं?"

अखेर त्या संध्याकाळी गुरुजींनी सर्वांना मारुतीच्या पारावर बसविले. "हात पाठीमागे बांधा. आता हसा."

"गुरुजी, मोठ्यापुढं दात काढू नये म्हून तुमीच छड्या मारल्या की आमाला," लक्ष्मीबाई म्हणाली.

"मारल्या खऱ्या. आता मीच सांगतो आहे, हसा."

हळूहळू जमले. लक्ष्मीबाईच्या जिभेला तर धारच चढली.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून गुरुजी ओढ्याकडे निघाले, तेव्हा हास्याचा कल्लोळ दुरूनच ऐकू आला. नट दहाला यायचा होता. आज लवकर आला असावा. काठावर साहेब उभा होता, बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"मी पुलाच्या मोजणीला आलोय," तो सांगत होता.

"या जावईबापू!" लक्ष्मीबाई पाठीमागे हात बांधून ओरडली. "पानी मोजा, मासे मोजा, अन् आमचे मेलेले बी मोजा!"

गाव पुन्हा खदखदले. गुरुजींचे लक्ष साहेबाच्या काखेतल्या फाइलकडे गेले. वरच्याच कागदावर त्यांचे स्वतःचे अक्षर होते.

"थांबा!" ते ओरडले. "हे खरे साहेब आहेत. हात जोडा, सगळ्यांनी हात जोडा!"

हास्य थबकले. चाळीस माणसांनी एकदम हात जोडले. साहेबाने त्या हातांकडे पाहिले, मग काठावर मांडून ठेवलेल्या मुकुलच्या कॅमेऱ्याकडे. त्याचा चेहरा काळवंडला.

"आता ही नमस्काराची नक्कल का?" तो थंडपणे म्हणाला. "ग्रामस्थांचा विरोध, एवढं लिहिलं की माझं काम संपलं."

तो बूट हातात धरूनच पाण्यात उतरला. जीप पलीकडे उभी होती. ती सुरू होऊन वळल्याचा आवाज आला, मग तोही विरला.

"आमाला वाटलं, आज दुसरा नट आणलाय. आमी तर सांगितलं तसंच केलं, गुरुजी," शेषेराव हलकेच म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, हेच गुरुजींना अधिक लागले.

"दोष तुमचा नाही. शिकवणूक माझी होती." त्यांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला. "साहेबांनी उमरीच्या कचेरीत ते वाक्य लिहिण्याआधी मला तिथे पोहोचायला हवे."

"या वयात? पानी गार हाय, गुरुजी!"

ते एव्हाना गुडघाभर पाण्यात होते. मागून नुकत्याच आलेल्या मुकुलची हाक आली, "गुरुजी, कॅमेरा चालू आहे, एकदा मागे वळून बघा!"

ते वळले नाहीत. पायाखालचे गोटे निसटत होते. एक एक चाचपत ते पुढे चालत राहिले.