वरच्या रुळातली फट

शेजारच्या घरात सरकत्या दारातून चोर शिरला आणि चौथ्याच दिवशी शिवणबाईंच्या धाकट्या लेकाला आई आठवली. येताना त्याने एक सुरक्षा सल्लागार आणला आणि एक रिकामी सुटकेस.

"दार पक्कं झालं तर राहा इथं," तो म्हणाला. "नाहीतर सुटकेस भर. माझ्याकडे दहाव्या मजल्यावर कोण चोर चढतोय!"

दहाव्या मजल्यावर शिवणयंत्राला जागा नव्हती, हे सुनेने आधीच कळवलं होतं. इथे यंत्र परसाकडच्या त्या सरकत्या दाराला लागूनच होतं. काळ्या कापडावरचा काळा दोरा त्यांना आता फक्त तिथल्या उजेडात दिसायचा. तोंडात टाचण्या धरल्यासारखे त्यांनी ओठ मिटून घेतले.

सल्लागाराने दाराकडे एकदा पाहिलं आणि दाराच्या काचेत स्वतःकडे दोनदा. मग त्याने आकडे दाबून उघडायचं कुलूप बसवलं, परसात कॅमेरा लावला, त्यात शिवणबाईंचा चेहरा भरून तो लेकाच्या फोनला जोडला आणि काचेवर भोंगा चिकटवला. रुळाकडे मात्र तो वाकला नाही. वाकला असता तर पँटची इस्त्री मोडली असती.

"आता मुंगीसुद्धा शिरणार नाही," तो म्हणाला.

"मुंग्यांचा त्रास नव्हताच," शिवणबाई म्हणाल्या. "कुलूप लावा आणि आतच थांबा."

त्या पुढच्या दाराने वळसा घालून परसात गेल्या. हातात स्वयंपाकघरातलं उलथणं होतं. ते त्यांनी दाराखाली सारलं, वर दाबलं, गुडघ्याचा आधार दिला. वरच्या रुळात बारा मिलिमीटरची फट होती. दार तेवढं उचललं गेलं, कुलपाचा खाली वळलेला हूक खोबणीतून आपोआप सुटला आणि अख्खं दार डब्याच्या झाकणासारखं हातात आलं. भोंगा गप्प होता, कारण काच फुटलीच नव्हती. लेकाच्या खिशातला फोन मात्र वाजला: "ओळखीची व्यक्ती."

सल्लागाराने पावतीपुस्तक हळूच पाठीमागे नेलं.

"पाहिलंस?" लेकाचा चेहरा उजळला. "मी म्हणत होतो! भर सुटकेस."

"अरे शहाण्या, अकरा वर्षं दर महिन्याला हे दार काढून मी रूळ धुते. त्यातल्या चिंध्या न् दोरे काय तुझे सल्लागार काढतात?"

दार परत बसवून त्यांनी ते उघडं सरकवलं. यंत्राच्या खणातून दोन लांब स्क्रू काढले, स्टुलावर चढल्या आणि वरच्या रुळाच्या मोकळ्या भागात ते पिळले. पुरते नाहीत, डोकी नऊ मिलिमीटर खाली लोंबत ठेवली. शिवणकामाची पट्टी लावून मोजलं. बंद दाराला आता वर उठायला तीनच मिलिमीटर उरणार होते. दार सरकवून पाहिलं. डोक्यांना न घासता सरकलं.

"आता दोघं बाहेर जा आणि उचला."

दोघं परसात गेले. शिवणबाईंनी कुलूप लावलं, पुढच्या दाराची कडीही घातली. बाहेर उलथणं वाकलं, टाय खांद्यावर गेला, सल्लागाराने लेकाला आणि लेकाने सल्लागाराला "तुम्ही नीट धरा ना!" म्हणून सुनावलं. दार हललं नाही. फोन पुन्हा वाजला: "अनोळखी व्यक्ती. दोन."

वर्षातून दोनदा येणारा लेक कॅमेऱ्याला तरी कसा ओळखू येणार!

"आई, उघड. ऊन लागतंय."

"सुटकेसचं काय ते सांग."

"नंतर बोलू ना."

"मग नंतर उघडते." त्यांनी यंत्रावर बाही ठेवली आणि पायडल दाबलं. बाहीची शिवण संपली, दुसरी सुरू झाली.

काचेवर टकटक झाली. "नेतो परत!"

"कशी?"

"रिकामी!"

"सल्लागार, ऐकलंत ना?"

सल्लागाराने कपाळाचा घाम टायने पुसत मान डोलावली. शिवणबाईंनी दुसरी बाही पूर्ण केली, दोरा दाताने तोडला आणि मगच कुलपाचे आकडे दाबायला उठल्या.