सिनेमातली सासू

"चहात साखर कमी पडली का?" बानूबाईनं विचारलं. पाहुण्या बाईचं चहाकडं लक्षच नव्हतं. ती बानूबाईच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

ईट गावाहून अण्णाराव आणि त्यांची बहीण शारदा घर बघायला आले होते. अण्णारावांची लेक निकिता तिशीला टेकलेली. बानूबाईचा बजरंग पस्तिशी ओलांडलेला. ढोकीच्या कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. फोटो दोन्हीकडं पसंत होते.

"तुमाला कुठंतरी बघितलंय, ताई," शारदा म्हणाली.

"लग्नाकार्यात बघितलं आसंल."

पण शारदाचं बोट मोबाईलवर फिरत होतं. "ही बघा! तुमीच की ह्या!"

पडद्यावरच्या तरण्या बानूबाईनं डोळे वटारले, सुनेला थोबाडीत मारली आणि ती किंचाळली, "नीघ घरातनं, अवदसे!" त्यावर कुणीतरी खिदळण्याचा आवाज जोडला होता.

बजरंग कडेवर होता तेव्हा गावात शूटिंग आलं होतं. सासूचं काम करणारी नटी आजारी पडली. डायरेक्टरनं बघ्यांच्या गर्दीतून टपोऱ्या डोळ्यांची बानूबाई हेरली. नवरा गोरोबाच म्हणाला होता, "कर की, हौस हाय." तिचा हात सुनेचं काम करणाऱ्या पोरीच्या गालाला लागलासुद्धा नव्हता, थपडेचा आवाज नंतर भरला होता. जत्रेच्या तंबूत सिनेमा लागला, तेव्हा लोकांनी तिच्या नावानं बोटं मोडली. पुढं तो व्हिडिओवर आला, मग दुपारचा टीव्हीवर, आता मोबाईलवर. गोरोबा गेला, सिनेमा काही गेला नाही.

बानूबाई हळू बोलायला लागली, नजर खाली ठेवून चालायला लागली. तर बाया म्हणायच्या, "बघा, कसं नाटक करतीय."

"सिनेमा हाय तो, शारदा," अण्णाराव पुटपुटले.

"आसंना. अंगात आसल्याबिगर आसं येतंय व्हय?"

दारात उभा असलेला बजरंग म्हणाला, "आत्याबाई, आईनं माज्यावर कवा हात उगारला न्हाय."

"लेकाचं न्हाय, सुनंचं इचारतीया मी."

सून आलीच नव्हती, तर बानूबाई काय सांगणार? तरीही ती म्हणाली, "तुमची लेक चार दिस ठिवून बघा हितं. नको वाटलं तर घिऊन जावा."

ते ऐकून अण्णाराव आणखीच अवघडले. लग्नाआधी लेक कुणी ठेवतं का? पोहे तसेच टाकून ते उठले. "कळवतो आमी."

हा शब्द बजरंगनं पुष्कळदा ऐकला होता. तो बाहेर गेला आणि ट्रॅक्टर सुरू करून कारखान्याच्या वाटेला लागला.

बानूबाई पाहुण्यांना अंगणापर्यंत पोचवायला आली. अण्णाराव गाडीत बसले. शारदा मात्र घुटमळली. मग मोबाईल पुढं धरून बानूबाईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.

"ताई, राग मानू नगा. येक फोटू काढू द्या. आमच्या गल्लीत समद्यांनी बघितलाय तुमचा शीन. जरा तसेच डोळे वटारा की."

बानूबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोन्ही हात जोडले.

"आवं, आसं नगं! आसं कुणी वळखायचं न्हाय तुमाला."

"नगं वळखू दे," बानूबाई म्हणाली. तिनं हात खाली घेतले नाहीत.