मानमोडी आणि अबोला

उन्मेष आणि गौतम यांचा अबोला वर्षभर इतका सुरळीत चालला, याचं सगळं श्रेय मृणालिनीला द्यायला हवं. ती नसती तर दुसऱ्याच आठवड्यात दोघांची पंचाईत झाली असती, आणि झक मारत एकमेकांशी बोलावं लागलं असतं.

थंडी पडली, म्हणजे मुंबईत जिला थंडी म्हणायची पद्धत आहे ती पडली, की हे तिघं दर रविवारी पक्षी बघायला निघत. शिवा नावाचा शिवडीचा ड्रायव्हर उजाडायच्या आत दादरला उन्मेषच्या सोसायटीखाली गाडी लावी. तिथून डिलाईल रोडला गौतमच्या चाळीपाशी, मग गिरगावात मृणालिनीकडे, आणि पुन्हा उलटं शिवडीला येऊन समुद्रावरच्या पुलावरून पलीकडे, उरण नाहीतर पेणच्या बाजूला. तिघंही आता निवृत्त. उन्मेष विमा कंपनीतून, गौतम पालिकेच्या पाणीखात्यातून आणि मृणालिनी शाळेतून. उन्मेष आणि गौतम तर परळच्या शाळेत एका बाकावर बसलेले, त्यामुळे भांडायला दोघांकडे भरपूर जुना माल होता.

अबोल्याचे नियम कुणी ठरवले नव्हते, पण मोडायची कुणाची हिंमत नव्हती. एकाने दुसऱ्याशी थेट बोलायचं नाही. नजरेला नजर भिडली तर ताबडतोब एखाद्या झाडाकडे बघायचं. पक्षी दिसला तर मृणालिनीला सांगायचा.

"मृणालिनी, त्यांना सांग, डावीकडच्या तारेवर नीलपंख बसलाय."

"गौतम, डावीकडे तारेवर नीलपंख," मृणालिनी हातभर अंतरावर उभ्या असलेल्या गौतमला सांगे.

"त्याला म्हणावं, मगाशीच बघितला."

"उन्मेष, तो म्हणतोय, मगाशीच बघितला."

एवढं होईपर्यंत नीलपंख दुसऱ्या तालुक्यात गेलेला असे. खाण्यापिण्याला मात्र अबोला लागू नव्हता. गौतमची बायको मालन दर रविवारी घावणे आणि खोबऱ्याची चटणी देई, आणि ती कुणाच्या आवडीची हे सगळ्यांना ठाऊक होतं. उन्मेष गौतमच्या घरचे घावणे हाणी, गौतम उन्मेषच्या थर्मासमधला चहा पिई, आणि दोघं दोन दिशांना तोंडं करून तृप्त होत.

हे सगळं सुरू झालं ते मागच्या थंडीच्या शेवटी, दादरच्या एका हॉलमध्ये. पक्षीमित्रांचा मेळावा होता आणि उन्मेष स्वतः काढलेले फोटो पडद्यावर दाखवत होता. शेवटचा फोटो त्याने राखून ठेवला होता. अमूर ससाणा. पार सैबेरियाकडून आफ्रिकेला जाता जाता आपल्याकडे टेकणारा पाहुणा. फोटो जरा हललेला होता, पण उन्मेषचा आवाज अजिबात हलला नव्हता. टाळ्या पडणार इतक्यात मागच्या रांगेतून गौतम म्हणाला, "उन्म्या, शिक्रा आहे रे तो."

शिक्रा बघायला सैबेरियाकडे डोळे लावावे लागत नाहीत. दादरच्या एखाद्या मोठ्या झाडाखाली मान वर करून उभं राहिलं तरी दिसतो. अख्खा हॉल हसला.

गौतमने हे मुद्दाम केलं नव्हतं, हीच तर अडचण होती. माणसांच्या बाबतीत तो सोयीप्रमाणे थापा मारी, बायकोला तर रोज. पण पक्ष्याच्या बाबतीत त्याच्या जिभेला खोटं चालतच नसे. नीट दिसला नाही तर तो सरळ 'नाही दिसला' म्हणे, मग बाकीचे सगळे टुणटुण उड्या मारत असले तरी. उन्मेषने घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. शिक्राच होता. गौतम चुकला असता तर उन्मेषने त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून माफ करून टाकलं असतं. पण तो बरोबर होता, आणि बरोबर असलेल्या माणसाला माफ कसं करतात हे उन्मेषला कुणी शिकवलं नव्हतं.

तर या रविवारी गाडी डिलाईल रोडला पोचते न पोचते तोच मृणालिनीचा फोन आला. "मी येत नाही रे आज. घसा बसलाय. आवाजच फुटत नाहीये," असं तिने अत्यंत खणखणीत आवाजात सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

उन्मेषला खरं तर तिथेच उतरून घरी जायचं होतं. पण तोवर गौतम दार उघडून आत बसला होता, आणि मालन डबा घेऊन खिडकीशी आली होती. तिला अबोल्याचे नियम लागू नव्हते.

"भावोजी, चटणी आज वायच तिखट झाली हा," ती म्हणाली. मग दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाली, "आणि बोलायचा तर बोला, नायतर घराक बसा. ह्या काय चल्लाहा पोरांसारख्या!"

गाडी पुलावर चढली. खाली भरतीचं पाणी पसरलेलं, वर उजाडत होतं, आणि गाडीत कमालीची शांतता होती.

"शिवा," उन्मेष म्हणाला, "त्यांना विचार, काच जरा खाली केली तर चालेल का."

शिवाने आरशातून पाहिलं. "काका, ते तर तुमच्या बाजूलाच बसलेत."

"तू विचार ना."

"काका, पुलावर गाडी चालवतोय मी. ह्ये लफडं मृणालिनी मॅडमचं डिपार्टमेंट हाय. तुमचं तुम्ही बघा ना काय ते."

काच बंदच राहिली. दोघंही उकाड्याने घामाघूम झाले, पण मागे कुणी हटलं नाही.

पेणच्या अलीकडे एका गावाबाहेर माळ आहे. एका बाजूला कापलेल्या भाताची शेतं, दुसऱ्या बाजूला निवडुंगाचं कुंपण, मध्ये बाभळी. शिवाने गाडी सावलीला लावली, सीट मागे पाडली आणि तोंडावर रुमाल टाकला. दोघं माळावर उतरले आणि चांगलं अंतर ठेवून चालू लागले. भोरड्यांचा थवा शेतावरून वळसे घेत गेला. उन्मेषला तो कुणाला तरी दाखवावासा वाटला. एकट्याने पक्षी बघण्यात अर्धीच मजा असते, हे त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं, आणि कळल्याचा रागही आला.

पुढे गौतम एका बांधाशी उभा राहून लांबच्या काटकीवर बसलेला खाटीक पक्षी बघत होता. उन्मेषने सहज त्याच्या मागे पाहिलं. एक बाभूळ आडवी पडली होती. बुंध्याशी मुंग्यांचं वारूळ होतं, आणि वारुळाशी सालीचा एक तुकडा हलला.

मानमोडी.

उन्मेष जागच्या जागी थांबला. मानमोडी काही रंगीबेरंगी पक्षी नव्हे. राखी, तपकिरी, वाळक्या सालीसारखी. समोर असली तरी दिसत नाही. दिसायची ती मुंग्या टिपताना मान अशी काही वेळावते तेव्हा. पण गौतमच्या आयुष्यातला तो एकच हट्ट होता. पक्षी बघायला लागला तेव्हापासून तो तिच्या मागावर होता आणि ती त्याला हुलकावणी देत होती. एकदा बाकीच्यांना दिसली तेव्हा तो बहिणीच्या लग्नात पंगती वाढत होता. एकदा मुतखड्याने दवाखान्यात आडवा होता. आणि एकदा तर बरोबरच होता, पण नेमका झुडपाआड लघवीला गेला होता. परत आला तेव्हा उन्मेष आणि मृणालिनी एकमेकांना टाळ्या देत होते. त्या दिवशी गौतम जेवला नव्हता.

आणि आज ती त्याच्या पाठीमागे पंधरावीस पावलांवर आरामात न्याहारी करत होती, आणि हा खुळा खाटीक बघत बसला होता.

हवेला उद्देशून सांगावं, तर मोठ्याने बोलावं लागलं असतं आणि पाखरू उडालं असतं. खडा मारावा, तरी तेच. काहीच बोलू नये, असंही उन्मेषच्या मनात आलं. गुपचूप बघावी, फोटो काढावा आणि पुढच्या मेळाव्यात तो पडद्यावर लावावा. मागच्या रांगेत गौतमचा चेहरा काय होईल! ही संधी देवाने दिली आहे असं त्याला क्षणभर वाटलं, आणि मग असल्या संधी देणाऱ्या देवाचाच राग आला.

शेवटी त्याने एक पळवाट काढली. तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. ग्रुपवर लिहिणं म्हणजे कुणा एकाशी बोलणं नव्हे. त्याने लिहिलं, 'मानमोडी. आत्ता. बांधामागच्या पडलेल्या बाभळीशी.' आणि गौतमकडे बघत राहिला. गौतम ढिम्म. पक्षी बघताना फोन बंद करून पिशवीत टाकायचा ही त्याची शिस्त होती, आणि शिस्तीच्या बाबतीत तो उन्मेषपेक्षा कायम वरचढ होता.

गिरगावातून मात्र धडाधड उत्तरं आली. 'काय सांगतोस!' 'गौतमने पाहिली??' आणि मग, 'अरे गाढवा, त्याला सांग!!!'

गाढवाने फोन खिशात टाकला. गुडघा कटकन वाजला, तसा ओठ दाबून तो वाकून पुढे सरकला. गौतमच्या शेजारी पोचला, त्याची बाही धरली आणि कानाशी तोंड नेलं. वर्षभर न वापरलेला शब्द बाहेर काढला.

"गौत्या."

गौतमची पाठ ताठ झाली. त्याने मान वळवली नाही. "काय?" तो म्हणाला.

"हळूच मागे वळ. बाभूळ पडलीय बघ. बुंध्याच्या उजवीकडे, वारुळाशी. मानमोडी."

गौतम वळला. हळू वळायचं होतं, पण इतक्या वर्षांचा उपाशी माणूस हळू कसला वळतो? दुर्बिणीचा पट्टा टोपीच्या दोरीत अडकला. तो ओढू लागला, टोपी डोळ्यांवर आली, त्याने ती उडवून लावली. त्या गडबडीत मानमोडीने डोकं वर केलं, एकदा मान फिरवली आणि जमिनीलगत उडत डावीकडच्या निवडुंगापलीकडे निघून गेली. उन्मेषने तिला जाताना नीट पाहिलं. मग गौतमची दुर्बीण डोळ्यांना लागली. समोर बाभळीचा बुंधा होता आणि मुंग्या होत्या.

'गेली' म्हणायला उन्मेषने तोंड उघडलं. त्या एका शब्दाचं त्याला इतकं वाईट वाटलं, की तो लगेच बाहेर येईना.

"दिसली," गौतम म्हणाला.

उन्मेष त्याच्याकडे बघतच राहिला.

"दिसली रे. काय सुंदर आहे! पाठीवरचा काळा पट्टा बघ. मान बघ कशी वळवते." दुर्बीण रिकाम्या बुंध्यावर रोखलेली होती. "अरे अरे, उडाली! ती बघ, शेताकडे गेली." आणि त्याने उजवीकडे हात केला.

सालीलाच तो पक्षी समजला असेल, असं उन्मेषला आधी वाटलं. पण साल उडून शेताकडे जात नाही. गौतमला काहीही दिसलं नव्हतं, आणि ते गौतमला पक्कं माहीत होतं. वर्षभराचा अबोला उन्मेषने ज्या पाखरासाठी मोडला, ते दिसलंच नाही असं त्याच्या तोंडावर सांगायची गौतमची छाती झाली नाही. त्या मेळाव्यात भरल्या हॉलसमोर झाली होती. इथे चिटपाखरू नसताना झाली नाही. उन्मेषला एकदम भरून आलं. ते लपवायला त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि उजवीकडे, शेतात, नसलेल्या मानमोडीला शोधू लागला.

"गेली खरी," तो म्हणाला. "शेतातच गेली."

मग दोघं बांधावर बसले आणि डबा उघडला. साखर वाढल्याबद्दल, गुडघ्यांबद्दल, चाळीच्या नव्या बिल्डरबद्दल तोंड दुखेपर्यंत बोलले. शिक्र्याचं नाव कुणी काढलं नाही. परतताना गाडीत दोघांचा एकदम आवाज सुरू झाला, तसं शिवाने रेडिओ बंद केला आणि 'देवा' म्हणाला.

पुलाच्या अलीकडे मृणालिनीचा फोन आला. गौतमने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"गौतम, खरंच पाहिलीस?"

"पाहिली म्हणजे काय! पट्टा, मान, सगळं." गौतम जरा थांबला. "उन्म्या होता ना शेजारी, विचार त्याला."

आणि त्याने फोन उन्मेषपुढे धरला. डोळे मात्र खिडकीबाहेर होते.

"उन्मेष? नीट दिसली त्याला? खरं सांग हं, तू तर असल्या बाबतीत त्याला सोडणार नाहीस."

"अगदी नीट," उन्मेष म्हणाला. "माझ्यापेक्षाही नीट बघितली त्याने."

मृणालिनी पलीकडे आनंदाने ओरडली, बसलेल्या घशाचं भान न ठेवता. गौतमने फोन बंद केला. पूल अर्धा झाला, तेव्हा तो खाकरला.

"उन्म्या, पुढच्या रविवारी तिथेच जाऊ या?"

"तिथेच? तू तर पाहिलीस ना मानमोडी?"

"पाहिली," गौतम खाली पाण्याकडे बघत म्हणाला. "तरी जाऊ."