अकरावा स्क्रू

अकरावा स्क्रू चांदीसारखा चमकत होता. बाकीचे दहा काळे. उपड्या लॅपटॉपच्या पोटावरून बोट फिरवत अल्डन ट्रेगियरने ते पुन्हा मोजले, आणि अकराव्यापाशी बोट अडलं तसं नेहमीप्रमाणे ते पत्र आठवलं — ऑक्टोबरात आलेलं, उत्तर न दिलेलं, खणात पेन्सिलींच्या खाली पडून राहिलेलं. आता मार्च लागला होता. खिडकीबाहेरचं सरोवर अजून गोठलेलंच होतं.

पत्र एइनो कंगासचं. तीन घरं पलीकडे राहणारा, खाणीतून निवृत्त झालेला वायरमन, आणि... खरं सांगायचं तर या गावात अल्डनचा एकुलता एक मित्र. दोघे रोज दुपारी आपापल्या घरी बसून एका खेळात एकच होडी हाकत; सुकाणू एइनोकडे, शीड अल्डनकडे. खरी होडी दोघांनाही कधी परवडली नव्हती, आणि आता गुडघ्यांना परवडली नसती. ऑक्टोबरात एइनोने अल्डनचा लॅपटॉप साफ करायला नेला, चार दिवसांनी आणून दिला, आणि त्या दिवसापासून खेळातलं पाणी वाहायचं थांबलं. लाट उठायची, मध्येच थिजायची, मग एकदम फुटलेलीच दिसायची — मधली लाट कोणी चोरून नेल्यासारखी.

चोरून... हा शब्द आधी त्याच्या मनात आला की पेस्टीच्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंज्यांच्या, दुकानातल्या रॉयसच्या तोंडून, हे आता सांगता येणार नाही. रॉयस गरम पेस्टी कागदात गुंडाळता गुंडाळता सहज म्हणाला होता, "एइनोकडे दिलास? बरा आहेस की! त्याच्या तळघरात खोकी भरून सुटे भाग आहेत, ठाऊक आहे ना? आले कुठून, देव जाणे." आणि हसला होता. अल्डनही हसला होता. घरी येऊन त्याने लॅपटॉप उपडा केला, आणि तो स्क्रू दिसला.

चाळीस वर्षं त्याने ग्रंथालयात सूचीची कार्डं लिहिली होती. संशय आला तेव्हाही त्याने कार्डच काढलं. 'सेकंदाला चित्रं : पूर्वी साठ, आता अकरा.' पुढचं कार्ड : 'ड्रायव्हर प्रोग्राम नवा टाकला. फरक नाही.' पुढचं : 'पंखे ऐकले. फिरतात.' आणि एकावर, त्याच नीटस अक्षरात : 'एइनो — पाहा : स्क्रू.' ते कार्ड हाती आलं की त्याला स्वतःची लाज वाटे. पण फाडवत नसे.

त्या शनिवारी तो एइनोकडे नेहमीच्या सौनाला, वाफेच्या अंघोळीला, गेला नाही. पुढच्याही नाही. मग एका सकाळी दाराच्या मुठीला एक कापडी पिशवी अडकवलेली मिळाली. वर पत्र, पत्राखाली एइनोला वाचायला दिलेलं त्याचंच जाडजूड पुस्तक. पुस्तक परत! ग्रंथालयात पुस्तक परत आलं की व्यवहार मिटतो, नावापुढे काट बसते. त्याने पत्र तेवढं काढून घेतलं आणि पिशवी तशीच कपाटात ढकलली.

'पुस्तककिड्या, दोन शनिवार सौना तापवून वाट बघितली. काही बिनसलंय का? बिनसलं असेल तर तोंडावर सांग, मी काही काचेचा नाही. यंत्रातून तुझ्या मांजराचे मूठभर केस निघाले. आणि एक ध्यानात ठेव — हलकं सोड, जड धर. एइनो.'

हलकं सोड! म्हणजे मी हलका? हलक्या मनाचा, हलक्या कानाचा? ज्याने माझ्या यंत्राचं काळीज काढून घेतलं तोच मला वर शहाणपण शिकवणार? ...त्या ओळीनेच उत्तर अडवून ठेवलं होतं. पाच महिने.

आज त्याने अखेर धीर करून लॅपटॉप कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. रोझेला नावाची बाई बोलत होती, आवाजावरून चुलीपाशी उभी असावी तशी ऊबदार.

"मला एवढंच विचारायचंय," अल्डन घसा खाकरून म्हणाला, "चित्रं काढणारी चिप... ती कोणी बदलून हलकी बसवू शकतो का? गुपचूप?"

"अगं बाई! कोणावर संशय आहे तुमचा, बायकोवर?"

"बायको नाही. म्हणजे... वारली."

"माफ करा हं, माझ्या जिभेला हाड नाही. पण साहेब, तुमच्या मॉडेलमध्ये ती चिप आतल्या पाटीला डाख देऊन पक्की जोडलेली असते. ती उचकटणारा चोर नुसता धूळ पुसायला कशाला बसेल? बरं, चार्जर कोणता लावलाय?"

"चार्जर तो चार्जरच. टोक बसतं, दिवा लागतो."

"दिवा काय, देवळातही लागतो. ठोकळा हातात घेऊन बघा. वजन कसं आहे?"

त्याने खुर्चीशेजारचा ठोकळा उचलला. साबणाच्या वडीएवढा. बायकोच्या जुन्या लॅपटॉपचा. ती गेली तेव्हापासून तिथेच पडलेला, एइनोनेही येता-जाता पाहिलेला, हाताशी होता म्हणून लावलेला.

"हलका," तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

"मग झालं! हलका म्हणजे वीज कमी. अर्ध्या भाकरीवर नांगर ओढायला लावताय त्याला. कोपऱ्यात पिवळी सूचना येत नाही का?"

येत होती. रोज येत होती. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वाचत आलेला माणूस ती न वाचताच मिटवत होता.

कपाटातली पिशवी त्याने पलंगावर उपडी केली. पुस्तक पडलं, आणि त्याच्यामागून विटेएवढा काळा चार्जर — एइनोकडे सफाईला यंत्राबरोबर गेलेला, मागे राहिलेला. त्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर एइनोची गिचमिड : 'जड'.

तो जोडला तशी होडी हलली. पाणी अखंड आलं, न तुटता, न थबकता... आणि सुकाणूवर कोणी नव्हतं. शीड फडफडत राहिलं. त्याने खेळ बंद केला.

उत्तर त्याने कार्डावरच लिहिलं, दुसरा कागद हाताला मानवत नव्हता. 'एइनो, चूक माझी. तुझं वाक्य मी पुस्तकासारखं वाचलं, ते चार्जरबद्दल होतं. पाणी वाहतंय. सुकाणू रिकामं आहे.' मग बराच वेळ पेन्सिल कार्डावर टेकलेली राहिली.

टपालपेटी कोपऱ्यावर होती, एइनोच्या घराच्या पलीकडे. जाताना त्याने मान वर केली नाही, तरी सौनाच्या धुराड्यातून निघणारा धूर दिसलाच. शनिवार होता. दार ठोठावलं असतं तर... पण तोंडावर सांगायला जो माणूस लागतो, तो मी कधीच नव्हतो. तीन घरांचं अंतर कापायला माझ्या शब्दांना दोन दिवस आणि एक तिकीट लागतं. त्याने पाकीट आत सोडलं. झाकण खणकन मिटलं.

आणि तेव्हा तो स्क्रू आठवला. चार्जरचा उलगडा झाला होता, स्क्रूचा नव्हता. खाली अजून एक ओळ लिहिली होती का आपण — 'तो अकरावा स्क्रू चांदीसारखा का?' — की नुसती मनात आली होती? पेन्सिल टेकलेली आठवत होती, हललेली आठवत नव्हती. त्याने पेटीच्या फटीत बोटं घातली, काढली. एइनोवर आलेला संशय पाच महिने किती ठाम होता. आणि आता स्वतःच्या हाताचीही खात्री देता येत नव्हती.

लिहिली असेल तर एइनो चिडेल. किंवा हसेल, "पुस्तककिड्या!" म्हणेल... गार हात खिशात घालून अल्डन तिथेच उभा राहिला, आणि धुराकडे बघता बघता त्याच्या लक्षात आलं, की आपण उत्तराची वाट बघायला लागलो आहोत.