रॉजरच्या पोटाखालचं बटण

रेडिओतून नवऱ्याचा आवाज यायला हवा होता; आला तो कुत्र्याच्या श्वासाचा.

सुवर्णाने बटण पिळून आवाज मोठा केला आणि कान स्पीकरला लावला. नुसती खरखर, खरखरीत वारा, आणि वाऱ्याच्याही खाली एक बारीक शिट्टी. श्वास आत, शिट्टी. श्वास बाहेर, शिट्टी. ही शिट्टी ती रोज रात्री पलंगाखालून ऐकत आली होती. अंबडच्या कारखान्याच्या गेटवर सापडलं तेव्हाच त्या पिल्लाचं नाक कुठल्याशा भांडणात फाटलेलं होतं, आणि तेव्हापासून ते असंच वाजत असे. हा रॉजरच होता. मग रॉजरजवळचा माणूस बोलत का नव्हता?

सुनील गांगुर्डे सकाळीच स्कूटरवर पुढे रॉजरला बसवून पेठ रोडच्या घाटाकडे गेला होता. आठवडाभर कारखान्यात मेंटेनन्सचं काम, आणि रविवार आला की हे वेड. हॅम रेडिओ म्हणे! सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, आणि डोंगरावर चढून हातातल्या सेटवरून अनोळखी माणसांशी हवेतून गप्पा मारायच्या. सख्ख्या बहिणीशी फोनवर दोन मिनिटं धड बोलणार नाहीत, पण सुरतेच्या कुठल्या म्हाताऱ्याकडे तिथल्या हवेची चौकशी अगदी प्रेमाने करतील. सिडकोतल्या त्यांच्या गच्चीवर माशाच्या काट्यासारखा अँटेना उभा होता. सुवर्णा त्याच्या दोऱ्यांवर टॉवेल वाळत घाली, आणि सुनील ‘अगं, सिग्नल!’ म्हणून ओरडत वर धावे.

आज मात्र रविवारचं मटण पातेल्यात निवून गेलं होतं. जेवायला येतो म्हणालेला माणूस चार वाजले तरी आला नव्हता. फोन लागत नव्हता. सुनीलवर सुवर्णा दिवसातून दहा वेळा चिडायची, पण मटणाच्या दिवशी उशीर करणारा तो माणूस नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तिने आयुष्यात पहिल्यांदा आपणहून तो सेट चालू केला होता.

तिने मोहिनीला फोन लावला. मोहिनी म्हणजे सुनीलच्या रेडिओवाल्या मंडळींतली, पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारी मुलगी.

“वहिनी, जयभीम. मीच तुम्हाला करणार होते,” मोहिनी म्हणाली. “दादा घरी आहेत का? आमच्या फ्रिक्वेन्सीवर केव्हाचं कुणीतरी बटण दाबून बसलंय. दुसऱ्या कुणाला बोलताच येत नाही. आम्हाला वाटलं, कुणी टवाळखोर असेल.”

“टवाळखोर नाही गं, आमचा रॉजर आहे.”

 मग मोहिनीने हळूहळू, शब्द निवडत सगळं समजावून सांगितलं. हातातल्या सेटचं बटण दाबलेलं असलं की तो फक्त बोलतो. बटण सुटलं की ऐकतो. एका वेळी दोन्ही होत नाही. दादा कुठेतरी पडले असावेत, सेट छातीवर अडकवलेला असणार, आणि कुत्रा नेमका त्याच्यावर आडवा झालाय.

“म्हणजे मी इथून कितीही बोंबलले तरी त्यांना ऐकू जाणार नाही?”

“बटण दाबलेलं आहे तोवर नाही. आणि वहिनी, हे असं सतत चालू राहिलं की बॅटरी फार टिकत नाही. खरं तर सेट आपोआप बंद पडायला हवा होता. तशी सोय असते त्यात.”

“ती त्यांनी काढून टाकलीये,” सुवर्णा म्हणाली. “बोलता बोलता मध्येच तोडतं म्हणून.”

बडबड्या माणसाची खोड! तिला रडू फुटलं आणि त्याच दमात त्याचा रागही आला. पण ती खोड नसती तर आज हा श्वासही ऐकू आला नसता, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने डोळे पुसले. हातपाय गाळून भागणार नव्हतं.

मोहिनी गाडी घेऊन निघाली. बरोबर रेडिओवाले आणखी दोघं होते. सुवर्णाने सेटसमोर स्टूल ओढलं, फोन कानाला लावला आणि तशीच बसून राहिली. मध्ये एकदा श्वासाच्या शिट्टीखालून काहीतरी हललं, आणि अगदी खोलवरून आवाज आला, “पाणी...” त्यानंतर काहीच नाही. टेबलावर सुनीलचा पाण्याचा तांब्या तसाच भरलेला होता. तिने तो हातात घेतला आणि परत ठेवला. आहे, जिवंत आहे, असं ती भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघून मोठ्याने म्हणाली.

स्कूटर सापडली ती घाटाच्या अलीकडच्या एका चहाच्या टपरीपाशी. टपरीवर पाड्यावरचा लहानू म्हणून एक माणूस बसला होता. सकाळी कुत्र्यावाला साहेब डोंगराकडे गेलेला त्याने पाहिला होता. पण कुठल्या डोंगराकडे? तिथे तर डोंगरच डोंगर.

मोहिनीने दिशा दाखवणारा अँटेना काढला. हातात धरून तो गोल फिरवायचा. ज्या बाजूला आवाज सगळ्यात जोरात, त्या बाजूला माणूस. अँटेनाने समोरचा मोठा काळा कडा दाखवला. अँटेना आणि सेट पिशवीत टाकून, लहानूला वाट दाखवायला बरोबर घेऊन मंडळी धावत सुटली. फोनची रेंज जात-येत होती. सुवर्णाला तुटक तुटक ऐकू येत होतं, दगड घसरत होते, कुणी धापा टाकत होतं, कुणी “दादा! गांगुर्डे दादा!” म्हणून हाका मारत होतं.

त्या हाका फोनमध्ये येत होत्या. रेडिओत मात्र त्यातली एकही येत नव्हती.

खिडकीबाहेर ऊन पिवळं पडायला लागलं. डिसेंबरचा दिवस, बघता बघता मावळतो. लहानूचा आवाज फोनमध्ये आला, तो मोहिनीला सांगत होता, “बाई, अंधाराच्या आत काय ते करा. बिबट्या फिरतोय इकडं. परवा आमच्या पाड्यावरनं दोन कुत्री नेली त्यानं. माणसाला नाय काय करायचा, पण कुत्रं दिसलं तर लय हावरा हाय तो.”

 रॉजर काही उठून पळणारा नव्हता. पडलेल्या माणसाच्या छातीवर तो तसाच बसून राहणार, समोर कुणीही येवो.

आणि तेवढ्यात रेडिओत वारा चिरत एक सूर आला. पें-पॅं-पें-पॅं-पेंऽऽ. गुजरातकडे जाणाऱ्या ट्रकवाल्यांचा तो लांबलचक, गाणं म्हटल्यासारखा हॉर्न.

“मोहिनी! ट्रकचा हॉर्न ऐकलास का आत्ता?”

“कुठे? नाही वहिनी. इथे कड्याखाली रस्ता कुठाय? रस्ता मागे राहिला.”

“मग तुम्ही चुकीच्या जागी आहात! त्यांच्याजवळून ट्रक गेला. मी इथे ऐकला, आणि तू तिथे असून ऐकला नाहीस!”

 मोहिनीने स्वतःलाच एक शिवी हासडली. अँटेनाने पकडला होता तो कड्यावर आदळून परत आलेला सिग्नल. विहिरीत हाक मारल्यावर आवाज जसा परत येतो तसा. हे तिने स्वतः दरवर्षी मुलांना शिकवलं होतं, आणि ऐनवेळी अँटेनावर विश्वास ठेवून ती नेमकी उलट्या दिशेला चढून बसली होती.

मंडळी उतरून गाडीपाशी आली तोवर सूर्य डोंगराला टेकला होता. आता अँटेना बाजूला राहिला. मोहिनी घाटातून हळूहळू गाडी चालवू लागली आणि प्रत्येक वळणावर थांबून हॉर्न दाबू लागली. सुवर्णाने एका कानाला फोन लावला होता आणि दुसरा स्पीकरला.

“ऐकू आला?”

“नाही. पुढे.”

“आता?”

“नाही... थांब. परत वाजव. आला! बारीक आला! अजून पुढे जा.”

पुढच्या वळणावर हॉर्न रेडिओत एवढा स्वच्छ वाजला की सुवर्णा दचकून मागे सरली. त्याबरोबर रॉजरच्या श्वासाची शिट्टी थांबली. तो भुंकला, एकदाच. ते भुंकणं रेडिओतही आलं आणि पाठोपाठ मोहिनीच्या फोनमध्येही, दरीतून वर येणारं.

“इथेच आहेत! खाली आहेत!” मोहिनी ओरडली.

लहानू आणि त्याने पाड्यावरून बोलावलेली दोन-तीन माणसं बांबू आणि दोर घेऊन घळीत उतरली. खाली फोनला रेंज नव्हती, म्हणून मोहिनी वरच थांबली. आता सुवर्णाला खालचं सगळं कळत होतं ते रॉजरच्या पोटाखालून. पाचोळा वाजला. माणसांचे आवाज जवळ आले. “हा काय, इथं पडलाय. पाय मोडलाय वाटतं. रगत बी लय गेलंय.”

मग एक गुरगुर आली.

ती गुरगुर सुवर्णाच्या चांगलीच ओळखीची होती. सिडकोतल्या घरी गॅसवाला आला, पोस्टमन आला, सुनीलचा थोरला भाऊ आला, तरी रॉजर फाटकात असाच उभा राही. सुनीलने कितीही समजावलं तरी उपयोग नसे. कुणाचंच ऐकायचा नाही. आतून सुवर्णाने येऊन “रॉजर, बस. घरातलंच माणूस आहे,” असं म्हटलं की मगच तो बाजूला होई. गॅसवाला तर गमतीने म्हणे, वहिनी, एवढं घरातलं आहे तर सिलिंडर फुकट घ्या की.

“ए, हट्! हट् म्हनतो ना!” लहानू ओरडत होता. “चवताळलाय ह्यो. हात लावू देत नाय. अंधार पडतोय, टाक रे दगड, डोक्यातच घाल...”

“नको!” सुवर्णा रेडिओकडे तोंड करून ओरडली. पण रेडिओ काही फोन नव्हता. तिचं ओरडणं घळीपर्यंत पोचलं नाही, आणि ते ऐकून मोहिनीने वरून मारलेली हाकही खालच्या गोंगाटात विरून गेली.

आणि रेडिओ एकदम मुका झाला. गुरगुर गेली, वारा गेला, माणसं गेली. नुसती कोरडी खरखर उरली.

“वहिनी,” फोनमध्ये मोहिनी म्हणाली, “बॅटरी गेली वाटतं.”

सुवर्णा सेटकडे बघत राहिली. बॅटरी गेली असेल. किंवा रॉजर उठून उभा राहिला असेल, आणि त्याच्या पोटाखालचं बटण सुटलं असेल. आणि बटण सुटलं असेल, तर आता सेट ऐकत होता.

माइक सेटच्या बाजूला आकड्याला टांगलेला होता. परवान्याशिवाय याला हात लावायचा नाही, गुन्हा आहे, असं सुनीलने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि तुमच्या त्या डबड्याला हात लावायची हौस कुणाला आहे, असं तीही म्हणाली होती. तरी तो हौसेने शिकवायचा. हे बटण दाबून बोलायचं, संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं आणि सोडायचं. नाहीतर तुझं संपलं हे समोरच्याला कळणार कसं? यावर ती म्हणे, माझं संपलं की मी सांगेन.

तिने माइक ओढून घेतला आणि अंगठ्याने बटण दाबलं.

“रॉजर,” ती म्हणाली. फारच हळू झालं. तिने घसा खाकरला आणि फाटकातून म्हणायची तसं खणखणीत म्हटलं, “रॉजर! बस. घरातलंच माणूस आहे.”

आता सोडायला हवं होतं. पण सोडलं आणि तो परत उठला तर? आणि वर उचललेला दगड? ती बोलतच राहिली.

“घरातलंच माणूस आहे रे राजा. बस. शहाणा ना तू? त्यांना पाणी देऊ दे. त्यांना उचलू दे. लहानूदादा, दगड टाका खाली, तो काही करायचा नाही, त्याच्या डोक्यावरून हात फिरवा. बस, रॉजर, बस. घरातलंच माणूस आहे...”

मध्येच तिला उमगलं की इतका वेळ रॉजर करत होता तेच आता ती करत होती. बटण दाबून बसली होती. बोलत होती तोवर तिला काहीच ऐकू येणार नव्हतं. कुत्रा बसला की नाही, दगड पडला की नाही, सुनील श्वास घेत होता की नाही, हे जाणून घ्यायचं तर आधी गप्प बसावं लागणार होतं. आणि तिची तर गप्प बसायचीच हिंमत होत नव्हती. घाम सुटलेल्या अंगठ्याखाली बटण निसरडं झालं होतं.

शेवटी श्वास पुरेना, तेव्हा तिने अंगठा उचलला.

खरखर सुरू झाली. खरखरच सुरू राहिली. फोनमध्ये मोहिनी काहीतरी ओरडत होती. तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

मग खरखर कापून वारा आला, ती ओळखीची बारीक शिट्टी आली, आणि शिट्टीच्या वरून सुनीलचा कोरडा, घोगरा आवाज आला.

“सुवर्णा... ओव्हर म्हणायचं असतं.”